सोलरसाठी राज्याच्या धोरणावर किती विसंबायचं? सातपूरच्या एका युनिटच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आलाय. नाशिकला सातपूर एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, दोन शिफ्ट चालतात, शेडवर साधारण १२० किलोवॅट सोलर बसेल एवढी जागा आहे. व्हेंडर म्हणतोय राज्याचं धोरण सोलरच्या बाजूने आहे, सवलती आहेत, चार वर्षांत पैसे वसूल. बंगळुरूचे साडू म्हणतात, आमच्याकडे नियम वेगळे, तुमच्याकडचं काही खरं नाही. मग राज्याच्या धोरणावर भरवसा ठेवून पंचवीस वर्षांसाठी पैसे लावावेत का?

सोलर लावा, पण धोरणावर भरवसा ठेवून नाही. आता जरा निवांत सांगते, कारण वीस-बावीस वर्षं हेच काम करतेय, आधी पवनचक्क्यांच्या साइटवर आणि नंतर वीज नियामक आयोगाच्या सुनावण्यांना फायली घेऊन, आणि लोक नेमके एकाच जागी फसताना बघितलेत.

ती जागा म्हणजे 'धोरण' आणि 'आदेश' यातला फरक. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र पण कायदा करणार आणि राज्य पण. मुख्य कायदा केंद्राचा, विद्युत अधिनियम २००३. विधानसभेत बसून खास स्वच्छ ऊर्जेचा कायदा पास केला असं आपल्याकडे फारसं होत नाही, अमेरिकेत होतं, कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये रीतसर कायदा करून २०४५ पर्यंत सगळी वीज कार्बनमुक्त करायचं ठरवलं तसं. आपल्याकडे ऊर्जा विभाग धोरण काढतो, म्हणजे शासन निर्णय, जीआर. तुमच्या बिलावर मात्र जे काही छापून येतं ते बहुतेक सगळं वीज नियामक आयोग ठरवतो. कलम ८६ मध्ये लिहिलंय की अपारंपरिक विजेला प्रोत्साहन द्यायचं आणि वीज कंपनीने तिच्यातली किती टक्के घ्यायची ते ठरवायचं हे काम राज्य आयोगाचं. सरकार कलम १०८ खाली आयोगाला निर्देश देऊ शकतं, पण दर ठरवणं हे आयोगाचंच काम राहतं, आणि सरकारला कुणाला स्वस्त वीज द्यायचीच असेल तर कलम ६५ म्हणतं की फरकाचे पैसे आधी वीज कंपनीकडे भरा.

तर धोरणाचा पीडीएफ हातात आला की मी एक पेन्सिल घेऊन दोन खुणा करते. ज्या गोष्टी सरकारच्या स्वतःच्या हातात आहेत त्यांच्यापुढे बरोबरची खूण: वीज शुल्क, मुद्रांक शुल्क, सरकारी जमीन, बिनशेतीची भानगड, अनुदान. ज्या आयोगाच्या हातात आहेत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह: नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होणं), वहन आकार (वीज कंपनीच्या तारा वापरायचं भाडं), बँकिंग (आज दिलेली युनिट जमा ठेवून नंतर वापरणं), क्रॉस सबसिडी सरचार्ज (बाहेरून वीज घेणाऱ्यावरचा अधिभार, क्रॉस सबसिडी म्हणजे काय ते पुढे सांगते). धोरणात 'बँकिंगची सोय राहील' असं छान वाक्य असतं, आणि आयोगाच्या विनियमात, म्हणजे नियमावलीत, ती सोय महिन्यापुरतीच असते. तुम्हाला लागू होतो तो विनियम, धोरणातलं वाक्य फक्त व्हेंडरच्या प्रेझेंटेशनमध्ये राहतं.

आणि बरोबरची खूण केली म्हणजे पैसे हातात आले असंही नाही. एका फाउंड्रीवाल्या क्लायंटचं सांगते. धोरणात वीज शुल्क माफी छापलेली, यांनी त्या हिशोबाने बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट दिला, प्लांट चालू झाला, आणि दर महिन्याच्या बिलात वीज शुल्क आपलं ठाण मांडून बसलेलं. ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, धोरण आलंय हो मॅडम पण त्याची अधिसूचना आली नाही अजून. ती येईपर्यंत दीड वर्ष गेलं, तोवर हे भरत राहिले, आणि मागचे पैसे परत मागायला जी फाइल केली ती अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे. म्हणजे धोरण खोटं नव्हतं, आमचीच घाई होती.

आता साडूंचं बंगळुरू. कर्नाटकच्या आयोगाने २०१४ मध्ये सोलरला जी सवलत दिली ती जबरदस्त होती, ३१ मार्च २०१८ च्या आत प्लांट चालू केला तर दहा वर्षं वहन आकार नाही, बँकिंग चार्ज नाही, क्रॉस सबसिडी सरचार्ज नाही. मग काय, त्या शेवटच्या मार्चमध्ये जी पळापळ झाली ती मी बघितलीय, पॅनल ट्रकमध्ये, ट्रान्सफॉर्मर रस्त्यात आणि इन्स्पेक्टरची सही घ्यायला लोक रात्री उभे. ज्यांचं ३१ तारखेच्या आत झालं ते खुश झाले. एप्रिलमध्ये आलेल्यांना तेच राज्य, तेच ऊन, तेच पॅनल, पण गणित वेगळं. तेव्हा साडूंना आधी विचारा की ते कुठल्या साली चालू झालेल्या प्लांटबद्दल बोलतायत.

तामिळनाडूची गोष्ट याच्याही आधीची. कन्याकुमारीजवळच्या आरलवाईमोळीच्या खिंडीतला वारा जून ते सप्टेंबर धो धो, बाकी वर्ष मुका. म्हणून तिथे वर्षभराचं बँकिंग होतं, पावसाळ्यात युनिट जमा करा आणि वारा नसलेल्या महिन्यांत वापरा. त्याच्या जोरावर कोइम्बतूर-तिरुपूरच्या गिरण्यांनी स्वतःच्या पवनचक्क्या घातल्या आणि राज्य देशात पुढे गेलं. पुढे वीज कंपनी म्हणायला लागली की वारा असतो तेव्हाची तुमची नको असलेली वीज मी ठेवून घ्यायची आणि टंचाईत बाजारातून महाग घेऊन तुम्हाला परत द्यायची, हे किती दिवस? आधी बँकिंगचा चार्ज वाढत गेला आणि २०१८ नंतरच्या नव्या मशीनना वर्षाचं बँकिंग बंद झालं. मला विचाराल तर वीज कंपनीचं म्हणणं चूक नव्हतं, पण गिरणीवाल्याने वीस वर्षांचा हिशोब जुन्या नियमावर मांडलेला असतो हेही खरं.

आपल्या साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर नव्वदच्या शेवटी जी पवनचक्क्यांची जत्रा भरली तीही अशीच. विक्रीकरात सवलत, वर आयकरात घसारा (मशीनची किंमत खर्च दाखवून कर वाचवणं), त्यामुळे वाऱ्याशी काही संबंध नसलेले लोकही पवनचक्कीचे मालक झाले. मी नवीन होते तेव्हा एका मालकाला फोन करून सांगितलं की साहेब तुमचं मशीन आठवडाभर बंद आहे, गिअरबॉक्स गेलाय. ते म्हणाले बघा सवडीने. मला तेव्हा राग आला होता, नंतर कळलं की त्यांचा फायदा मशीन उभं राहिलं त्याच दिवशी झाला होता. सवलत उभारणीला दिली की नुसती उभारणी होते, फिरणाऱ्या युनिटला दिली की मशीन फिरतं, एवढं साधं आहे ते, पण देशाला कळायला वेळ लागला.

आंध्रने तर कमाल केली. २०१९ मध्ये नवं सरकार आलं आणि म्हणालं आधीचे पवन-सौर करार महाग आहेत, पुन्हा वाटाघाटी करा. सही झालेले करार! प्रकरण हायकोर्टात गेलं, मार्च २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की करारातला दर द्यावाच लागेल. कंपन्या जिंकल्या हे खरं, पण मधली अडीच-तीन वर्षं पैसे अडकले आणि बँका आंध्रचं नाव काढलं की हात आखडायला लागल्या. मोठ्या कंपनीला हे झेपतं, तुमच्या-माझ्यासारख्याला वकिलाची फीसुद्धा झेपत नाही.

हे सगळं राज्यं दुष्ट आहेत म्हणून होत नाही. तुमचं बिल समोर घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, मग वीज शुल्क. यातल्या वीज आकारात तुम्ही फक्त तुमच्या विजेचे पैसे देत नाही, शेतीपंपाच्या स्वस्त विजेचा थोडा भारही तुमच्याच डोक्यावर आहे, त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. चांगलं बिल भरणारा कारखाना छतावर सोलर लावतो किंवा ओपन ॲक्सेसने बाहेरून वीज घेतो तेव्हा वीज कंपनीचा सगळ्यात लाडका ग्राहक कमी होतो, आणि खांब, तारा, सबस्टेशन, जुने कोळशाचे करार यांचा खर्च तसाच राहतो. म्हणून सोलर थोडं असतं तोवर सगळी राज्यं पायघड्या घालतात, आणि जास्त झालं की चार्जेस शोधायला लागतात. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात आहे, तिथे एप्रिल २०२३ पासून नव्याने सोलर लावणाऱ्या घरांना ग्रिडमध्ये सोडलेल्या विजेचा दर इतका खाली आणला की बरेच लोक सोलरबरोबर बॅटरीही घ्यायला लागले. कायद्यातलं २०४५ चं उद्दिष्ट मात्र जागच्या जागी आहे.

महाराष्ट्रात हा खेळ २०१९ मध्ये उघड झाला. आयोगाने रूफटॉपच्या विनियमांचा मसुदा काढला, त्यात नेट मीटरिंग महिना ३०० युनिटच्या आतल्यांपुरतं ठेवायचा विचार होता. हरकतींचा पाऊस पडला, सुनावणीत निवृत्त शिक्षकांपासून उद्योजक संघटनांपर्यंत सगळे. ३० डिसेंबर २०१९ ला अंतिम विनियम आले त्यात नेट मीटरिंग राहिलं, पण एक कलम शांतपणे आत बसलं: 'ग्रिड सपोर्ट चार्ज' लावता येईल, छोट्या १० किलोवॅटपर्यंतच्यांना सोडून. राज्यात रूफटॉप ५००० मेगावॅट होईपर्यंत तो लावायचा नाही असं ठरलं. तेव्हा ५००० म्हणजे कधीतरी असं वाटलं होतं. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये घरगुती सोलरसाठी केंद्राची सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान, गल्लोगल्ली पॅनल दिसायला लागले आणि तो आकडा झपाट्याने जवळ आला. तुम्ही १२० किलोवॅटवाले, म्हणजे त्या सुटीत बसत नाही. हा चार्ज बिलावर नसला तरी हिशोबात शून्य धरू नका, युनिटमागे काहीतरी धरा आणि मग बघा प्रोजेक्ट उभा राहतो का. (माझ्या अंदाजाने राहतो.)

इथे सरकारचं एक काम मला मनापासून आवडतं ते सांगते, कारण त्याचा तुमच्या दराशी लांबून संबंध आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये सुरू झाली, पण खरा वेग २०२३ च्या २.० मध्ये आला. शेतीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी लाइन, वेगळा असतो, त्या फीडरच्या सबस्टेशनजवळच छोटा सोलर प्लांट टाकायचा, अर्ध्या मेगावॅटपासून २५ मेगावॅटपर्यंत, आणि पंप दिवसा चालवायचे. जमीन भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ, गावच्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असं तीन वर्षं. २.० मधला पहिला प्लांट वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, ३ मेगावॅटचा. वीज पडते साधारण तीन रुपये युनिटच्या आसपास, लांबून आणलेल्या कोळशाच्या विजेपेक्षा कितीतरी स्वस्त.

ज्यांचं माहेर शेतीचं आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस लाइट रात्रीची यायची, वडील बॅटरी आणि काठी घेऊन उसाला दारं धरायला जायचे, आई दिवा मालवायची नाही. साप, बिबट्या, चिखलात पाय घसरून डीपीजवळ पडलेला माणूस, हे सगळं त्या रात्रीच्या लाइटीचं. तो पंप दिवसा चालला तर एक घर निवांत झोपतं, आणि शिवाय शेतीची वीज स्वस्तात पडली तर उद्योगावरचा क्रॉस सबसिडीचा भार हळूहळू उतरू शकतो. उतरेलच असं मी लिहून देणार नाही. शेतीपंपाचं साडेसात एचपीपर्यंतचं बिल २०२४ पासून माफ आहे, ते पैसे तिजोरीतून वीज कंपनीला वेळेवर जातायत का यावर बरंच अवलंबून आहे. आणि गायरान जमिनी प्लांटला दिल्या तिथे गुरं कुठे न्यायची म्हणून गावागावात कुरबुरी आहेत, त्याही फाइलीत दिसत नाहीत.

आता तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट. राज्याराज्यांत सध्या जो खरा बदल चाललाय तो सवलतींचा नाही, घड्याळाचा आहे. दुपारी सोलर इतकं झालंय की वीज स्वस्त, आणि सूर्य मावळला की महाग. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमात बदल करून सांगितलं की सौर तासांत दर किमान २० टक्के कमी हवा आणि पीकमध्ये, म्हणजे सर्वाधिक मागणीच्या तासांत, व्यापारी-औद्योगिक ग्राहकाला किमान १.२ पट, १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी-उद्योगांना एप्रिल २०२४ पासून. आपल्याकडे वर्षानुवर्षं उलट होतं, रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत, त्यासाठी लोकांनी भट्ट्या रात्रपाळीला नेल्या, कामगारांची झोप गेली पण बिल वाचलं. मग २०२५ मध्ये सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडे सरकली आणि संध्याकाळ ते मध्यरात्र हा महागडा पट्टा झाला. ज्यांनी रात्रीच्या सवलतीवर सगळं बांधलं होतं ते आज सुनावणीत येऊन भांडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

ओपन ॲक्सेसवाल्यांना तर दुपारी जमा केलेलं युनिट संध्याकाळच्या पीकमध्ये वापरता येतच नाही. मोठे लोक म्हणून पवन-सौर एकत्र किंवा बॅटरी असं घेतायत, नाहीतर ग्रुप कॅप्टिव्ह, म्हणजे काही ग्राहकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी घेतलेला प्लांट, त्यात त्यांची किमान २६ टक्के मालकी आणि किमान ५१ टक्के वापर, त्यात क्रॉस सबसिडी सरचार्ज लागत नाही आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात अतिरिक्त अधिभार (बाहेरून वीज घेणाऱ्यावरचा आणखी एक आकार) हाही कॅप्टिव्हवाल्यांना नाही असं ठरवलं. पण १२० किलोवॅटसाठी त्या भानगडीत पडू नका. २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांत मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली म्हणून हल्ली व्हेंडर छोट्यांनाही ते गळ्यात मारतात, महिन्याच्या कागदपत्रांनीच जीव जातो.

तुमचं छत दिवसा वीज देणार. १ किलोवॅटला वर्षाला साधारण १४०० युनिट आपल्याकडे निघतात, १२० ला एक लाख पासष्ट-सत्तर हजार धरा. यातलं जे युनिट त्याच क्षणी तुमच्या मशीनमध्ये गेलं ते सोन्यासारखं, त्याच्यावर नेट मीटरिंग किंवा बँकिंगचे नियम बदलल्याचा फारसा परिणाम होत नाही कारण ते ग्रिडमध्ये जातच नाही. जे ग्रिडमध्ये गेलं आणि नंतर वजा करून घ्यायचंय ते मात्र नियमांच्या मर्जीवर. आता तुमची दुसरी शिफ्ट, दुपारी ४ ते रात्री १२ असेल बहुतेक. म्हणजे ती जवळजवळ पूर्ण महागड्या पट्ट्यात आणि सोलर तिला मोजून तास-दीड तास मिळणार. व्हेंडरने चार वर्षांचा जो हिशोब दिलाय त्यात प्रत्येक युनिट सारख्या दराने वाचलं असं धरलंय का ते विचारा, बहुतेक तसंच असेल.

मी तुमच्या जागी असते तर आधी मीटरचा १५-१५ मिनिटांचा लोड डेटा मागितला असता, वीज कंपनीकडे अर्ज केला की मिळतो, आणि दुपारी १२ ते २ मध्ये, जेवणाच्या सुटीतसुद्धा, मशीन किती किलोवॅट ओढतात ते बघितलं असतं. समजा ते ८० निघालं तर ८० च लावा, उरलेली जागा राहू दे रिकामी, छत कुठे पळून जात नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीचं उत्पादन वाया धरा. मग सुपरवायझरला घेऊन बसा आणि विचारा की दुसरी शिफ्ट संध्याकाळऐवजी पहाटे ५ ला सुरू करता येते का. बायका कामाला येत असतील तर बसची सोय काय, ड्रायर आणि चिलर निदान दुपारी चालवून ठेवता येतात का. अनेकदा या बदलातून जेवढं वाचतं तेवढं शेवटच्या ४० किलोवॅटमधून वाचत नाही.

व्हेंडरशी करार करताना 'कायद्यात बदल झाल्यास' हे कलम वाचा, त्यात सगळी जोखीम तुमच्यावर टाकलेली असते, ती निदान निम्मी करून घ्या. नेट मीटरचा अर्ज ज्या दिवशी केला त्या तारखेची पोच जपून ठेवा, कारण नियम बदलतात तेव्हा आधी अर्ज केलेल्यांना जुना नियम लावायचा की नाही यावरूनच सगळी भांडणं होतात आणि त्या भांडणात तुमच्याकडे तो एकच कागद असतो.